रश्मी खिल्लारेचा कोनिन प्रांत

"मग तुमच्या वस्तीवर का नाही लिहीत?"

सुबोध सरांनी हे विचारलं तेव्हा रश्मी खिल्लारेला राग आला नाही. राग यायला प्रश्न नवा तरी लागतो. हाच प्रश्न तिला एम.ए.ला विचारला गेला होता, ती मुलुंडला ज्या कोचिंग क्लासमध्ये शिकवते त्याच्या मालकानं विचारला होता, आणि एकदा बँकेत खातं उघडायला गेली तर काउंटरवरच्या बाईनंसुद्धा विचारला होता. पोरगी शिकलेली, पीएच.डी. करायची म्हणतेय, घाटकोपरच्या डोंगरावर पंचशील नगरात राहते, आडनाव खिल्लारे. म्हणजे ही कशावर लिहिणार ते जगानं आधीच ठरवून ठेवलेलं. हिनं फक्त येऊन सही ठोकायची.

"सर, वस्तीत मी राहते," ती म्हणाली. "लिहायचंय मला कोनिनवर."

सरांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. मार्गदर्शक म्हणून माणूस सरळ. आवाज कधी चढायचा नाही, विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं चहा द्यायचे.

"कोनिन," ते म्हणाले. "पोलंडमधला प्रांत. जो आता अस्तित्वातच नाही."

"हो. पंचाहत्तर साली केला, अठ्ठ्याण्णव संपता संपता मोडला."

"अहो, मग मोडलेल्या प्रांताचा कारभार वाचणार कोण?"

"पेशवाई तरी कुठे आहे सर आता? तिच्यावर दर वर्षी प्रबंध येतातच ना."

सर हसले, पण हसता हसता मान नकारार्थी हलली. "रश्मी, समजून घ्या. तुमच्यासारखीचा आतून आलेला आवाज हवाय लोकांना. बाहेरच्यांनी तुमच्यावर खूप लिहून झालं."

"तेच तर म्हणते सर. खूप लिहून झालं."

सरांना काय ते कळलं की नाही, देव जाणे. "विचार करा," म्हणाले आणि कप विसळायला उठले. समितीची बैठक सोमवारवर आली होती. तिच्यात विषय मंजूर झाला तर रजिस्ट्रेशन, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून प्रवेशपरीक्षा. आणि रश्मी आता काही लहान राहिली नव्हती. तिच्या वर्गातल्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली होती.

*

हे कोनिन तिच्या डोक्यात शिरलं कसं, ते सांगायला हवं.

पंचशील नगराला पाहणीची सवय आहे. तिकडे गोवंडीला देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराची पाहणी करायला जी माणसं येतात, ती येता-जाता घाटकोपरचा डोंगरही उरकून जातात. कुणी संस्थेचे, कुणी कॉलेजचे, कुणी परदेशी. दारात उभं राहायचं, घरात माणसं किती, पाणी किती वाजता येतं, संडास किती लांब, नवरा पितो का, असं विचारायचं, खाली मान घालून खरडायचं आणि पुढच्या दारात जायचं. रश्मीची आई मालन हिची तर इतक्या वेळा पाहणी झाली होती, की समोरच्यानं पेन काढायच्या आत ती उत्तरं देऊन मोकळी व्हायची.

रश्मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना अशीच एक पोलिश पोरगी आली. इझा तिचं नाव. उन्हानं नाक सोललेलं, पायात जाड बूट. तिला भाषेसाठी कुणीतरी हवं होतं, म्हणून रश्मी तिच्याबरोबर दारोदार फिरली. इझा विचारायची इंग्रजीत, रश्मी मराठीत, बाया सांगायच्या मराठवाडीत, आणि रश्मी पुन्हा इंग्रजीत. दुपारी मालननं दोघींना भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. इझा मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून बसली.

जेवता जेवता रश्मीनं सहज विचारलं, "तुझं गाव कुठलं?"

इझा थांबली. महिनाभर ती लोकांना विचारत होती, तिला कुणी विचारलं नव्हतं.

"कोनिन," ती म्हणाली. "जमिनीतून तपकिरी कोळसा काढतात तिथं. नदी आहे, वार्ता. मी लहान असताना आमचं शहर एका प्रांताची राजधानी होतं. एका हिवाळ्याच्या सुटीनंतर शाळेत गेले तर नव्हतं. एकोणपन्नास प्रांत होते देशात, त्यांचे सोळा केले. आम्हांला पुन्हा पोझनानमध्ये घातलं, जिथून काढलं होतं तिथंच."

"आणि ऑफिसं? त्यातली माणसं?"

"माझा मामा होता ना त्या ऑफिसात. प्रांताधिकाऱ्याच्या कचेरीत."

"मग त्याचं काय झालं?"

इझा भाकरीचा तुकडा हातात धरून हसली. "माहीत नाही गं. त्याला कुणी विचारलंच नाही."

रश्मीनं हे आईला सांगितलं तर मालननं चुलीवरून नजर न काढता विचारलं, "कवाचं म्हंतीस?"

"नव्याण्णवच्या एक जानेवारीपासून नवीन कारभार."

"त्याच साली आपली हिंगोली जिल्हा झाली की. एक मेला. तुझे आजोबा पेढे वाटायले होते. परभणीला हेलपाटे मारून टाचा झिजल्या व्हत्या त्येंच्या." मग थोडा वेळ भाकरी थापत राहिली. "म्हंजी आमच्याकडं कलेक्टर आला आन् त्यांचा गेला. तिकडल्या म्हाताऱ्यांला पुन्हा हेलपाटे का मग?"

बास. एवढंच झालं. पण हिंगोलीच्या एका बाईनं, जिनं नकाशात पोलंड कधी पाहिला नव्हता, नेमकं जिथं बोट ठेवायचं तिथं ठेवलं आणि ते रश्मीच्या डोक्यातून पुन्हा निघालं नाही.

पुढं ती मुलुंडच्या क्लासमध्ये नववी-दहावीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला लागली. मार्कांच्या दृष्टीनं हा विषय म्हणजे ताटातलं लोणचं, पोरं बोट लावून सोडून द्यायची. एकदा तिनं वर्गात विचारलं, "आपला जिल्हा कुठला?" सगळा वर्ग म्हणाला मुंबई. एक जण ठाणे म्हणाला, कारण त्याची आत्या ठाण्याला राहते. मुंबई उपनगर नावाचा आपला वेगळा जिल्हा आहे, त्याचा वेगळा कलेक्टर वांद्र्याला बसतो, हे एकालाही ठाऊक नव्हतं. रश्मीला वाटलं, उद्या हा जिल्हा मोडला तर या पोरांना कळणारसुद्धा नाही. आणि तिकडं कोनिनमध्ये, इझानं नंतर सांगितलं तसं, एवढीएवढीशी ती कचेरीवरची पाटी बदललेली बघून घरी जाऊन रडली होती. जिल्हा, प्रांत हे काय असतं मग? कुणाला रडवतं, कुणाला पत्ताच नसतो.

भाषा ती फोनवरच्या ॲपवरून शिकली. डोंगराच्या पायऱ्या चढता-उतरता कानात वायर घालून पुटपुटायची. बाया म्हणायच्या, "मालनच्या पोरीच्या तोंडात सुपारी अडकली का काय." पोलिशमध्ये नामाला सात विभक्त्या निघाल्या, शाळेत प्रथमा-द्वितीया घोकलेली ती इथं कामाला आली. पण ॲप शिकवतं ते सगळं तू-तुला. कोनिनच्या अभिलेखागाराला रश्मीनं पहिला ईमेल लिहिला तो असाच, घाटकोपरच्या सवयीनं, थेट अधिकाऱ्याला तू म्हणून. 'तू मला पंचाहत्तर सालची कागदपत्रं कधी दाखवतोस?' उत्तर आलं ते बर्फासारखं. इझा फोनवर हसून हसून लोळायची बाकी होती. "अगं, आमच्याकडं अनोळखी माणसाला तू म्हणणं म्हणजे कानाखाली मारणं."

"आमच्याकडं तुम्ही म्हटलं तर माणूस विचारतो, काय राग आलाय का म्हणून."

तिनं माफीचा ईमेल पाठवला. हळूहळू कागद यायला लागले. पंचाहत्तरच्या फेरफारात तिथले तालुके, म्हणजे त्यांचे पोव्यात, रद्दच केले होते. गाव आणि प्रांत यांच्यामध्ये काही ठेवलंच नाही. नव्याण्णवला पोव्यात परत आणले, प्रांत मोठे केले. सरकारला आधी बाराच प्रांत हवे होते, मग पंधरावर आले, राष्ट्राध्यक्षानं नकाराधिकार वापरला, शेवटी सोळावर तडजोड झाली. ओपोलेची माणसं भांडली, रस्त्यावर साखळी करून उभी राहिली, त्यांचा प्रांत वाचला. कोनिनचा नाही. का नाही, हे रश्मीला विचारायचं होतं. कोळशाच्या खाणी, वीज, कारखाने एवढं सगळं असलेला प्रांत गुपचूप का मेला, आणि त्याच्या कचेरीतला कारकून दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कुठं गेला.

*

समितीच्या आदल्या शनिवारी ती क्लासहून परतली तर नाक्यावर फ्लेक्स.

भलामोठा. वरती बुद्ध आणि बाबासाहेब, मधोमध रश्मी. फोटो मावसभावाच्या लग्नातला, केसात गजरा, खांद्यावर कुणाचातरी कापलेला हात तसाच राहिलेला. खाली पिवळ्या अक्षरांत: 'पंचशील नगरची वाघीण डॉ. रश्मीताई खिल्लारे यांना आंबेडकरी चळवळीवर पीएच.डी. मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्याच्याखाली शुभेच्छुकांची तोंडं, आणि कोपऱ्यात सगळ्यांपेक्षा मोठं, गॉगल लावलेलं, सम्यकचं.

सम्यक तिथंच टपरीपाशी उभा होता. वस्तीतल्या पोरांच्या मंडळाचा तो अध्यक्ष. कुणाचा दहावीचा रिझल्ट लागो, कुणाला नोकरी लागो, त्याचा फ्लेक्स आधी लागतो.

"झकास आलाय ना ताई? रात्रीतून उभा केला."

"सम्यक, मला अजून काही मिळालेलं नाही. परवा विषय मंजूर व्हायचाय, तोही झाला तर. मग चार-पाच वर्षं."

"मिळणारच ना यार. आधी लावला म्हणून काय बिघडलं? नंतर कोपऱ्यात जागा नसते, दहीहंडीवाले घेतात."

"आणि आंबेडकरी चळवळ कुणी सांगितलं?"

सम्यक पहिल्यांदा गोंधळला. "मालनमावशीला विचारलं ना मी. मावशी बोलली, इतिहासाचं हाय आन् सरकारी कारभाराचं हाय. मग म्हटलं, आपला इतिहास म्हणजे तोच ना."

"पोलंडचा आहे."

"कोण?"

"इतिहास."

सम्यकनं फ्लेक्सकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "वाट लागली," म्हणाला. "मी सगळीकडं फोटो टाकलाय. तुझ्या त्या सरांना पण टॅग केलाय."

दुसऱ्या दिवशी रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर सत्कार ठेवला होता. शाल, पुष्पगुच्छ, पेढे सगळं आलेलं. विहार कमिटीचे अध्यक्ष धोंडिराम पाईकराव. रश्मी त्यांना काका म्हणते, पण वस्तीत त्यांना सगळेच काका म्हणतात. जन्मभर पालिकेच्या सफाई खात्यात मुकादमी केली, आता विहाराची चावी त्यांच्या कमरेला. हिंगोलीकडचेच.

काका शाल उघडायला लागले तशी रश्मी म्हणाली, "काका, शाल नको. आधी मला एक सांगायचंय."

आणि तिनं सांगितलं. पीएच.डी. मिळालेली नाही. विषय तो नाही. विषय पोलंडमधला एक जुना प्रांत, त्याचा कारभार, तो का केला आणि का मोडला.

मग मागून एक बाई म्हणाली, "आता गं बया."

काकांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. "तिथं आपली माणसं हायेत का?"

"नाहीत."

"बौद्ध?"

"असतील एखाद-दुसरे. मी त्यांच्यासाठी जात नाहीये काका."

"मग आपल्या वस्तीला त्याचा काय उपेग? काय बोलायलीस तू हे? लोकांनी हौसेनं एवढं केलं. तू शिकलीस ती कुनाच्या जिवावर? बाबासाहेबांच्याच ना?"

हे खरंच होतं, म्हणून रश्मीला लागलं. सरांच्या केबिनमध्ये ती उलट बोलली होती ते सोपं होतं. इथं समोर बसलेल्या बायांनी तिच्या फीसाठी भिशीचा हप्ता पुढं-मागं केला होता. पण ती मागं हटली नाही.

"बाबासाहेबांच्याच जिवावर शिकले. काका, त्यांनी अमेरिकेत डॉक्टरेट कशावर केली?"

काकांनी सम्यककडं पाहिलं. सम्यक म्हणाला, "आपल्यावरच असंल ना."

"प्रांतांच्या पैशावर. इंग्रजांच्या राज्यात इलाख्यांना पैसा कसा मिळायचा, मोठ्या सरकारनं किती ओढायचा, छोट्याला किती सोडायचा, त्यावर. त्यांना नसेल कुणी म्हटलं, की तुम्ही तुमच्या लोकांचंच रडगाणं लिहा म्हणून? म्हटलं असणारच. आपल्या लोकांसाठी त्यांनी आयुष्य काढलं, लिहिलं, भांडले. पण परीक्षेला बसले ते त्यांना जो विषय घ्यावासा वाटला त्याला."

"तू काय बाबासाहेब हायेस का?" काका.

"नाही. म्हणून तर माझा प्रांत लहान आहे."

दोघे-तिघे हसले. काका हसले नाहीत. तेवढ्यात बायांच्या बाजूनं मालन उठली. ती विहारात कधी बोलत नाही. वंदनेत ओठ हलवते तेवढंच. पदर कमरेला खोचत म्हणाली:

"धोंडिरामभाऊ, एक विचारते. आपल्या वस्तीत तुपली पाहणी किती येळा झाली?"

"झाली आसंल. का?"

"मपली मोजता येत न्हाई. माझा संडास किती पावलांवर हाय ते पार तिकडं विलायतेला ठावं हाय. नवरा मेला तवा आठ दिसाच्या आत एक बाई आली, म्हंती तुम्हाला कसं वाटायलं. मी म्हनलं, बस, च्या घे. आपन सांगायचं, त्येंनी लिवायचं, असंच चालत आलंय. कुनी कधी म्हनलं का, मालनबाई, तुम्हाला बी काय आमाला इचारायचंय का? न्हाई म्हनलं. आता माझी पोरगी म्हंतीया, मी इचारते. त्या गोऱ्या लोकांला इचारते, तुमचा जिल्हा कुनी मोडला. तर तुम्ही म्हंता, न्हाई, तू हितंच बस आन् आपल्याच संडासाची पावलं मोज. का म्हनून?"

मालन बसली, मग पुन्हा अर्धी उठून म्हणाली, "आन् त्या फलेकसवर तिच्या खांद्यावर कुनाचा हात हाय तो काढा आधी. लगीन व्हायचंय अजून पोरीचं."

मग मात्र सगळं विहार हसलं. काकांचाही चेहरा जरा सैल झाला. पण शाल त्यांनी दिली नाही. "मंजूर होऊ दे," म्हणाले. "खरं असंल तवाच पांघरू." रश्मीला ते पटलं. पेढे वाटून टाकले, कारण पेढ्यांचा काही दोष नव्हता.

*

सोमवारी विद्यापीठाच्या त्या लांबोळक्या खोलीत समिती बसली होती. मधोमध अध्यक्ष वनमाला मॅडम, चष्मा साखळीला, समोर विषयांचे कागद. शेजारी आणखी दोघं प्राध्यापक, आणि कडेला सुबोध सर, आज कधी नव्हे ते खुशीत.

"या," मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन. सरांनी आम्हांला दाखवला, तुमच्या वस्तीनं लावलेला फ्लेक्स. पदवी जरा आधीच दिलीय, पण असू दे. फार छान वाटलं. विषयही उत्तम केलात. 'मुंबई उपनगरातील आंबेडकरी चळवळ'. आम्हांला काही अडचण नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

रश्मीनं सरांकडं पाहिलं. सर डोळ्यांनीच म्हणाले, झालं, बसा आता. तिच्या लक्षात आलं. सरांना फ्लेक्सचा फोटो पोचला होता. त्यांना वाटलं, आपण विचार करा म्हटलं होतं, पोरीनं केला, आणि विषय बदलला. आणि त्यांनी आनंदानं, तिला वाचवायला म्हणून, कागद बदलून दिला होता. मनात काही वाईट नाही. फक्त विचारलं नाही.

गप्प बसली असती तर झालं असतं. दोन मिनिटांत सही, रजिस्ट्रेशन, संध्याकाळी काकांची शाल, आणि फ्लेक्सही खरा. विषय तर महत्त्वाचाच होता. त्याला ती नावं ठेवू शकत नव्हती. तोंडातून नुसतं थँक्यू निघायचं बाकी होतं.

"मॅडम, हा माझा विषय नाही," ती म्हणाली.

सरांची खुर्ची करकरली.

"चळवळीवर लिहायला हवं. लिहिणारे आहेत, चांगले आहेत, मी त्यांचं वाचते. पण हा कागद मी दिलेला नाही. माझा विषय कोनिन प्रांत. इतिहास आणि प्रशासन, पंचाहत्तर ते अठ्ठ्याण्णव."

मग सगळं झालं. पोलिश येतं का, विचारलं. येतं, पण चुकतं, ती म्हणाली, आणि तू-तुम्हीचा घोटाळा स्वतःच सांगितला. एका सरांनी तिला पोझनानच्या जुन्या राजवटीबद्दल काहीतरी विचारलं, ते तिला आलं नाही. वाचीन, म्हणाली. इथून ते कसं करणार, विचारलं. कागद कसे आणि कुठून येतात ते तिनं सांगितलं. वनमाला मॅडम चष्मा काढून बघत होत्या.

"तुमच्या आईवडिलांचं गाव?" त्यांनी विचारलं.

"हिंगोली."

"मग असं करू या." मॅडमचा आवाज मऊ झाला. "हिंगोली नव्याण्णवला झाला ना जिल्हा? तुलना करा. एक प्रांत मोडला, एक जिल्हा झाला. हिंगोली आणि कोनिन. तुमचा स्वतःचा धागाही राहील त्यात. असं असेल तर मी आत्ता मंजूर करते."

सुबोध सरांनी मान डोलावली. ते आता जवळजवळ विनवत होते. आणि खरं सांगायचं तर तुलना वाईट नव्हती. आईनं भाकरी थापताना हेच तर म्हटलं होतं. पण रश्मीला स्वच्छ दिसलं, की हिंगोली त्यात कशाला हवी आहे. विषयासाठी नाही. तिच्यासाठी. तिच्या हातात तिच्या गावाचं ओळखपत्र असल्याशिवाय समिती तिला पोलंडच्या दारात उभं करणार नव्हती.

"मॅडम, इझा नावाची कोनिनची मुलगी आमच्या वस्तीवर लिहून डॉक्टर झाली. तिला तिच्या विद्यापीठात कुणी म्हटलं नाही, की घाटकोपरबरोबर कोनिनचीही पाहणी कर. ती आमच्या दारात आली आणि थेट विचारायला लागली. मलाही थेट विचारायचंय."

"हे जरा आडमुठेपणाचं होतंय."

"असेल मॅडम."

"तुम्ही नाही म्हटलंत तर हे पुढच्या बैठकीवर जाईल. आणि तेव्हाही काय होईल, मी सांगू शकत नाही."

"जाऊ दे. मी पुढच्या वेळीही हाच कागद आणीन. त्याच्या पुढच्याही."

मॅडमनी दोन्ही प्राध्यापकांकडं पाहिलं. एकानं खांदे उडवले. दुसरे, ज्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिला आलं नव्हतं, म्हणाले, "लिहू द्या ना मॅडम. नाही जमलं तर आपोआप गळेल." बोलले खवचटपणानंच, पण त्याचं वजन तिच्या बाजूनं पडलं. मॅडमनी बराच वेळ पेन बोटांत फिरवलं. मग सुबोध सरांनी बदललेला कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, "तुमचा मूळ अर्ज कुठाय?"

रश्मीच्या पिशवीत होता. मॅडमनी समासात दोन अटी घातल्या: वर्षाच्या आत भाषेचं प्रमाणपत्र, आणि पोलंडमधला एक सहमार्गदर्शक. नाही आणला तर रजिस्ट्रेशन रद्द. आणि सही केली.

बाहेर जिन्यात सुबोध सरांनी तिला गाठलं. म्हणाले, "मी तुम्हांला विचारायला हवं होतं."

"हो सर," रश्मी म्हणाली. त्याच्यात तिनं काही गोड घातलं नाही.

*

इझाचा मामा व्हिडिओवर दिसला तो थेट डिसेंबरात. पांढऱ्या मिशा, मागं खिडकीत बर्फ, हातात चहाचा ग्लास. रश्मीनं मोबाइल डब्यांच्या फळीला टेकवून ठेवला होता आणि या वेळी प्रत्येक वाक्यात त्याला अहोजाहो करत होती. इझानं आधी सांगून ठेवलं होतं, तरी म्हातारा साशंक. प्रांताच्या कचेरीत किती वर्षं होता, कुठल्या विभागात, ते त्यानं सांगितलं. मग ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला:

"पण बाई, तुम्ही इंडियात. तिथं काय कमी आहे का लिहायला? कोनिन कशाला हवंय तुम्हांला? कुणी पाठवलंय? पोझनानवाल्यांनी?"

पाठीमागं मालन तांदूळ निवडत होती. तिला भाषा कळत नव्हती, पण सूर कळला. "काय म्हंतोय गं हा?"

"तेच, जे सगळे म्हणतात."

"मग सांग की त्येला."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि आजवर पुष्कळांना सांगून झालं होतं.

"कुणी पाठवलं नाही. मला जाणून घ्यायचंय," ती पोलिशमध्ये म्हणाली, एवढंच, आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न घातला. "कचेरी मोडली त्या दिवशी सकाळी तुम्ही घरातून निघालात का? निघालात तर कुठं गेलात?"

म्हाताऱ्यानं खुर्ची पुढं ओढली आणि बोलायला लागला. रश्मी खाली मान घालून लिहायला लागली.